पाहणीआधी धुतलेली शेड

तिला सगळे लख्खमावशी म्हणायचे. दगडाच्या शेडमधली झाडलोट उरकली की ती दारात उभी राहायची, कमरेवर हात ठेवायची आणि म्हणायची, "बघा, कसं लख्ख झालं!" बघायला कोणी नसायचं. आणि लख्ख झालेलं टिकायचंही नाही, कारण तिच्या पाठीमागे दगड घासायची यंत्रं सुरू झाली की घटकाभरात फरशीवर, खिडक्यांवर, माणसांच्या भुवयांवर पांढरी भुकटी बसायची. पण एवढ्यानं हार मानेल ती मावशी कसली? ती पुन्हा झाडू उचलायची. लोक दगडावर डोकं आपटतात, ही दगडाच्या पिठावर झाडू आपटायची, इतकाच फरक.

शेड म्हणजे लांबलचक पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंना भिंती आणि चौथ्या बाजूला ट्रक लागायची जागा. आत स्वयंपाकघरातल्या ओट्यांचे, जिन्याच्या पायऱ्यांचे, मोठमोठ्या कचेऱ्यांच्या फरश्यांचे दगड कापायचे, कडा गोल करायच्या आणि मग तोंड दिसेपर्यंत घासायचे. ही घासणी कोरडी. पाणी सोडूनही घासता येतं, तशी यंत्रंही मिळतात. पण मग चिखल होतो, दगडावरची रेघ नीट दिसत नाही, हात मंदावतो. मजुरी तर नगावर, जितके दगड तितके पैसे. म्हणून पाणी मालकाला नको होतं, आणि खरं सांगायचं तर निम्म्या कारागिरांनाही नको होतं. आजचं पोट आज भरलं ना, मग छातीचं उद्या बघू, असा सगळा कारभार.

मावशीचा नवरा कोपऱ्यातल्या यंत्रावर कडा घासायचा. धडधाकट माणूस, आधी जिना चढताना थांबायला लागला, मग सपाटीवर थांबायला लागला, आणि शेवटी अंथरुणातून उठून बसणंही त्याला जड झालं. दवाखान्यात सांगितलं क्षय आहे. क्षयाच्या गोळ्यांचा कोर्स झाला, काडीचा गुण नाही. मग एका तरुण डॉक्टरीणबाईनं छातीची एक्स-रे फिल्म उजेडावर धरली आणि विचारलं, "हे काम काय करतात?" दगडाचं, असं कळल्यावर तिनं फिल्म पुन्हा एकदा निरखून बघितली. मग म्हणाली, "मावशी, ही धूळ आहे. आत जाऊन बसलेली. ही आता निघायची नाही." साऱ्या जन्मात मावशीला पहिल्यांदाच अशी धूळ भेटली, जिथं तिचा हात पोचत नव्हता. पुढच्या हिवाळ्यात नवरा गेला.

त्याच्या जागेवर, त्याच कोपऱ्यात, त्याच यंत्रावर मालकानं कोणाला उभं करावं? तिच्या मुलाला. घरात कमावतं माणूस नको का, म्हणाला. त्या वेळी मावशीनं त्याचे उपकार मानले. हात जोडून मानले. हातावर पोट असलं की उपकार कुठला आणि फास कुठला हे गळ्याला लागेपर्यंत कळत नाही. मुलगा ऐन पंचविशीतला, बोलायला कमी, कामाला वाघ. एका सकाळी तो नळावरून भरलेली बादली आणत होता. मध्येच थांबला, बादली खाली ठेवली आणि काही झालंच नाही अशा थाटात वर आकाशाकडे बघत उभा राहिला. बापही असाच आकाशाकडे बघायचा. त्या आकाशात बघण्यासारखं काही नसायचं, फक्त श्वास जागेवर येईतो कुठंतरी बघायचं म्हणून बघायचं.

"दुसरीकडे काम बघ," तिनं त्याच दिवशी सांगितलं.

"कुठं? सगळ्या शेडी सारख्याच आहेत, आई. आणि मला दुसरं येतं काय?"

त्या दिवसापासून तिला या जगात एकच गोष्ट हवी होती. मुलाच्या छातीत दगड बसायच्या आत त्या यंत्राला पाणी लागलं पाहिजे. मालक आपण होऊन लावणार नाही, तेव्हा सरकारनं लावायला भाग पाडलं पाहिजे. म्हणून ती संघटनेत गेली.

संघटनेचा पुढारी भोंगा. एके काळी चार यंत्रं सुरू असताना त्याची हाक शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, म्हणून हे नाव. पुढे धुळीनं त्याचा आवाज खाल्ला. आता तो चार शब्द बोलायचा आणि थांबायचा, पुन्हा चार शब्द बोलायचा. नाव मात्र भोंगाच राहिलं. लोक काही दुष्टपणानं म्हणत नव्हते, सवयीनं म्हणत होते. माणूस सोन्यासारखा, पण पुढारपणाची हौस दांडगी. मोर्चा काढायचा झाला की तो आठ दिवस आधीपासून भाषण पाठ करायचा. कामगार खात्याच्या दारात मोर्चा जायचा, घोषणा व्हायच्या, एक साहेब खाली येऊन निवेदन घ्यायचा, म्हणायचा, "विचार करू." मग सगळे आपापल्या घरी जायचे आणि प्रश्न तिथंच भिजत पडायचा.

मालकांच्याही संघाला एक माणूस होता. त्याला शेडमध्ये सगळे गोडबोल्या म्हणायचे, आणि त्याला ते माहीत होतं, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. यावरूनच ओळखा माणूस किती पोचलेला असेल! त्यानं कधी मोर्चा काढला नाही, आवाज चढवला नाही. संघटना त्या कचेरीत वर्षातून दोनदा जायची, गोडबोल्या दर आठवड्याला जायचा. कोणाच्या मुलीला कुठं प्रवेश हवाय, कोणाच्या सासऱ्याचं डोळ्याचं ऑपरेशन कधी आहे, सगळं त्याला तोंडपाठ. साहेब म्हणाला की अमुक विषयावर टिपण करायचंय, की हा म्हणायचा, "तुम्ही कशाला त्रास घेता? मी कच्चं करून आणतो, तुम्ही फक्त नजर टाका." आता सरकार सरकार म्हणून आपण जे म्हणतो, ते शेवटी टेबलामागे बसलेलं एक दमलेलं माणूस असतं. त्याला ओरडणारा हवा की लिहून आणून देणारा हवा, तुम्हीच सांगा.

तरीही एकदा संघटनेनं बाजी मारली. कल्पना चहावालीची. शेडच्या फाटकाशी तिची चहाची टपरी; तिचाही नवरा याच धुळीनं गेलेला, आणि मावशीची ती जिवाभावाची मैत्रीण. ती म्हणाली, "घोषणा देऊन कोणी ऐकत नाही ना? मग दाखवू या." कचेरीसमोर दोन खांबांना दोरी बांधली आणि घराघरांतून आणलेल्या छातीच्या फिल्मा कपडे वाळत घालावेत तशा चिमटे लावून टांगल्या. सकाळचं ऊन त्यांच्या आरपार यायचं. कामावर येणारे कारकून, साहेब, रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची, बघायची आणि मान खाली घालून जायची. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. सरकारनं समिती नेमली. समिती प्रत्यक्ष येऊन शेडमधली धूळ बघणार, मोजणार आणि मग कोरड्या घासणीवर बंदी घालायची की नाही ते सांगणार. आणि कुठली शेड बघायची ते संघटनेनं ठरवायचं! भोंग्यानं एका दमात सांगितलं, "आपलीच. सगळ्यात वाईट आपलीच." त्या दिवशी मावशी घरी आली ती हसत आली. मुलगाही हसला. त्या घरात बऱ्याच दिवसांत कोणी हसलं नव्हतं.

पाहणीच्या आदल्या दिवशी दुपारी चहाच्या टपरीवर बैठक बसली. बोलायचं कोणी? भोंगा म्हणाला मी. दुसऱ्या एका गटाचं म्हणणं, याला बोलता येत नाही, समिती उठून जाईल. मग फलक कोणी धरायचा, फोटोत कोण येणार, समितीच्या अध्यक्षबाईंना पुष्पगुच्छ द्यायचा की त्यात लाचारी दिसेल, यावर वादंग. नगावर काम करणारे चारजण तर बैठकीतून उठूनच गेले. पाणी आलं तर आमच्या मजुरीचं काय ते आधी सांगा, म्हणाले. त्यांचं खोटं नव्हतं, पण त्यांना उत्तर द्यायला कोणाला सवड नव्हती. सगळ्या गोष्टींचा खल झाला. फक्त शेड कोण झाडणार, झाडायची की नाही, हा विषय निघाला नाही. निघणार कसा? झाडणारी तिथंच बसून सगळ्यांना चहा देत होती, पण झाडलोट ही काही बैठकीत बोलायची गोष्ट आहे असं तिलाही वाटलं नाही.

त्या बैठकीत कोणाला सुचलं नाही ते गोडबोल्याला सुचलं. संध्याकाळी तो शेडवर आला. मालकाशी काही बोलला नाही. सरळ मावशीकडे आला, झाडू तिच्या हातात असतानाच नमस्कार केला आणि म्हणाला, "मावशी, उद्या मोठमोठी माणसं येणार. शेडची अब्रू तुमच्या हातात." बस, एवढंच. ना धमकी, ना आमिष. अशा माणसाची खरी अक्कल कचेरीत दिसत नाही, अशा ठिकाणी दिसते.

आणि मावशीनं काय करावं? पहाटे उठली. चहावालीला उठवलं, आणखी दोघी बायकांना बोलावलं. पाहुणे यायचे आहेत. आपले नवरे जिथं राबले, जिथं त्यांनी छाती झिजवली, ती जागा पाहुण्यांना घाणेरडी दाखवायची? लोक म्हणतील, ही माणसं राहतातच अशी. नळाला पाइप जोडला. छपराच्या आडव्या पट्ट्यांवरची वर्षानुवर्षांची भुकटी लांब बांबूला फडकं बांधून पाडली, भिंती धुतल्या, यंत्रं पुसली, फरशीवर पाणी सोडून खराट्यानं रेटलं. पांढरा चिखल गटारात वाहून गेला. कोपऱ्यातलं यंत्र मावशीनं स्वतःच्या हातानं पुसलं, ओल्या कपड्यानं आणि मग कोरड्या कपड्यानं. कंबर मोडून आली. पण उजाडलं तेव्हा शेडमध्ये ओल्या दगडाचा थंड वास होता आणि उभ्या आयुष्यात ती जागा इतकी चांगली दिसली नव्हती. चौघी बायका दारात उभ्या राहून बघत राहिल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या सकाळी चौघींना अभिमान वाटत होता, आणि तो खरा होता.

मुलगा कामावर आला आणि दारातच थबकला.

"आई, हे काय केलंस?"

"पाहुणे यायचेत."

"अगं, ते धूळ बघायला येताहेत!"

तिला अजून नीट कळलं नव्हतं. मुलगा धावत कोपऱ्यात गेला आणि त्यानं यंत्र सुरू केलं. निदान तासभर सगळी यंत्रं चालली असती तरी शेड पुन्हा पांढरी झाली असती. तेवढ्यात इस्त्रीचा सदरा घातलेला भोंगा आला आणि हात वर करून म्हणाला, "बंद कर. आधी... यंत्र बंद कर." कारण त्याला भाषण करायचं होतं, आणि यंत्राच्या आवाजावर मात करायची त्याच्या छातीत ताकद नव्हती. मुलगा म्हणाला, "काका, तुमचं भाषण राहू द्या, त्यांना धूळ खाऊ द्या." भोंग्याला राग आला. इतकी वर्षं झिजलो ती कालच्या पोरानं गप्प बसवायला का? बाकीचे भोंग्याच्या बाजूनं उभे राहिले, मोठ्यांचा मान ठेव म्हणाले. मुलानं बटण दाबलं. यंत्र थांबलं. फाटकातून समितीची गाडी आत आली.

समितीत तिघं होते. अध्यक्षबाई, एक प्राध्यापक आणि हवेतली धूळ मोजायचं छोटं यंत्र घेऊन आलेला एक इंजिनिअर. इंजिनिअरनं यंत्र टेबलावर ठेवलं. भोंग्यानं भाषण सुरू केलं, चार शब्द, दम, चार शब्द, दम. अध्यक्षबाईंनी माणुसकीनं शेवटपर्यंत ऐकलं, पण काय ऐकलं कोण जाणे. इंजिनिअर यंत्राच्या आकड्याकडे बघून चक्रावला. त्यानं यंत्र हलवलं, पुन्हा ठेवलं. मग म्हणाला, "यंत्रं सुरू करून दाखवा." दोन यंत्रं सुरू झाली. पण फरशी ओली, भिंती ओल्या, आणि मुख्य म्हणजे घासायला घेतलेला दगडच सकाळी धुतलेला, ओला. उडालेली भुकटी जागच्या जागी बसली. इंजिनिअर बरा माणूस होता. त्याला संशय आला असावा. त्यानं इकडे तिकडे बघितलं आणि भिंतीशी उभ्या असलेल्या मावशीला विचारलं, "इथली सफाई कोण करतं?"

"मी करते, साहेब."

"रोज इतकी स्वच्छ असते का शेड?"

सगळी शेड तिच्याकडे बघत होती. साहेब तिच्याकडे बघत होता, बाई बघत होत्या. तिच्या सबंध आयुष्यात कोणी तिला तिच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. पाहुण्यांसमोर कोणती बाई म्हणेल, की नाही हो, आमच्याकडे रोज घाण असते, आज तुम्ही आलात म्हणून आवरलं?

"हो, साहेब," ती म्हणाली. "रोज."

तिनं मुलाकडे बघितलं. मुलाचा चेहरा पाहिला आणि तिला सगळं एकदम कळलं. शब्द परत घ्यायला तिनं तोंड उघडलं. पण इंजिनिअर मान हलवून वहीत लिहीत पुढे गेला होता, समितीमागून आलेला गोडबोल्या त्याच्या कोपराशी उभा राहून पाण्याची बाटली पुढे करत होता.

शेडमधलं कोणी तिला बोललं नाही. तेच तिला सहन होईना. भोंगा एकदा म्हणाला, "चूक माझीच... यंत्रं मी बंद केली." पण ती त्याची नव्हती, एकट्याची तर नव्हतीच. मुलगा रात्री जेवताना ताट पुढे सरकवायचा आणि बाहेर जाऊन बसायचा. तिथून त्याचा खोकला ऐकू यायचा. पूर्वी तो खोकला लपवायचा. आता लपवणंही त्यानं सोडून दिलं होतं. आपणच आपल्या हातानं पोराच्या पायावर धोंडा टाकला, असं ती स्वतःशीच बोलायची. पायावर कसला, छातीवर.

शेवटी ती एकटीच कचेरीत गेली. टाइप करणाऱ्या एका वयस्कर बाईसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी खोटं बोलले. ते लिहून घ्या. त्या दिवशी पहाटे आम्ही चौघींनी धुतलं होतं. रोज तशी नसते. पाहिजे तर आत्ता चला, कोणाला न सांगता चला."

टाइपिस्टबाईनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मावशी, अहवाल मीच टाइप केलाय. गेला तो वर. त्यात तुमचंही वाक्य आहे."

"माझं?"

"'सफाई करणाऱ्या महिलेनं स्वतः सांगितलं' असं. आणि पुढचा नियमाचा मसुदा समितीनं लिहिलेला नाही. तो मालकांच्या माणसानं आणून दिला, साहेबांनी चार शब्द बदलले. बंदी नाही. सूचना आहेत, ज्याला पाळायच्या त्यानं पाळाव्यात. आणि पाहणी करायची तर आठ दिवस आधी कळवायचं, असंही त्यात आलंय."

"मग आमच्या मागण्या?"

"तुमची निवेदनं आहेत की. त्या कपाटात. एकसुद्धा फेकलेलं नाही." बाईला हे बोलताना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "तुम्ही लोक येता, ओरडता, निघून जाता. दुसऱ्या दिवशी कोणी येतच नाही. तो येतो. काय सांगू तुम्हाला? माझ्या नातवाच्या वाढदिवसालासुद्धा आला होता तो."

"पुन्हा समिती येणार नाही का?"

"एकाच गोष्टीसाठी दोनदा समिती नेमलेली मी तरी बघितली नाही."

मावशी उठली. जिन्यात तिला रडू आलं, ओठ चावूनही थांबेना. लोक वळून वळून बघत होते. कशासाठी रडते बाई, असं एकानंही विचारलं नाही.

नियम जाहीर झाला आणि संघटना फुटली. नगावाले आधीच गेले होते. आता भोंग्यानं राजीनामा द्यावा म्हणून दुसऱ्या गटानं ठराव आणला आणि भोंग्यानं दिला नाही. मावशी मुलाला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई तीच. तिनं फिल्म उजेडावर धरली, आणि मावशीला काही सांगायची गरज पडली नाही. अशा फिल्मा तिनं स्वतः दोरीवर टांगल्या होत्या. वडिलांइतकं नाही, अजून बरंच कमी आहे, डॉक्टरीणबाई म्हणाली. पण धुळीतून आजच्या आज बाहेर पडायला हवं. "आजच्या आज" हे तिनं दोनदा सांगितलं.

त्याच आठवड्यात गोडबोल्या घरी आला. दाराबाहेर चपला काढल्या, मुलाच्या प्रकृतीची चौकशी केली. मग म्हणाला, "मावशी, आता पाहण्या होत राहणार. आमच्या संघाच्या सगळ्या शेडींना तुमच्यासारखं माणूस पाहिजे. पत्र आलं की आम्ही तुम्हाला कळवू. दोन बायका हाताखाली घ्या. त्या दिवशी केलंत तसं करायचं, बस."

दारात बसलेल्या मुलानं मान वळवली. "आई, नाही म्हण."

तिला तो माणूस चपलेनं झोडपावासा वाटला. खरंच वाटलं. पण तिच्या डोक्यात "आजच्या आज" घुमत होतं.

"माझ्या मुलाला त्या यंत्रावरून उतरवा," ती म्हणाली.

"एवढंच ना? उद्यापासून फाटकावर बसेल. गाड्यांची नोंद करेल. मालकाशी मी बोलतो."

एवढंच! वर्षानुवर्षं मोर्चे निघाले, घसे फाटले, फिल्मा टांगल्या, समिती आली आणि गेली; आणि हे उंबरठ्यावर उभ्याउभ्या, एका वाक्यात. त्या क्षणी तिच्या जिभेवर पुढचं वाक्य होतं: आणि बाकीच्यांच्या यंत्राला पाणी लावा. ते मागितलं असतं तर मिळालं नसतं, हे तिला पक्कं माहीत होतं. उलट मुलाचंही गेलं असतं. ती गप्प बसली. गोडबोल्या तिच्या गप्प बसण्याची वाट बघतच थांबला होता. ती बोलत नाही असं दिसल्यावर त्यानं नमस्कार केला आणि चपला घातल्या.

मुलगा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी फाटकावर जाऊन बसला. न बसून करतो काय? त्याचा खोकला थांबला नाही, पण वाढलाही नाही. मावशी रात्री अंधारात त्याचा श्वास ऐकत पडायची आणि देवाचे आभार मानायची, आणि आभार मानल्याची तिला लाज वाटायची.

कोपऱ्यातलं यंत्र आठवडाभर रिकामं होतं. मग एका सकाळी ती झाडू घेऊन आत आली तर यंत्र सुरू होतं. त्यावर चहावालीचा जावई उभा होता. लग्नाला वर्ष झालेलं नव्हतं. तोंडाला रुमाल बांधलेला, हात सराईत नव्हते, दगड दाबून धरताना सगळं अंग थरथरत होतं. भुकटीचा लोट त्याच्या छातीवर आदळत होता. त्यानं मावशीला बघितलं आणि ओळखीचं हसला.

ती तशीच फाटकाशी टपरीवर गेली. चहावालीनं तिला बघितलं, काही न विचारता कप भरला आणि पुढे केला. "जावयाला काम लागलं," ती म्हणाली. "तुझ्या पोरामुळे जागा झाली. उपकार झाले तुझे."

"अगं, तुला माहीत नाही का तिथं..."

"मला माहीत नाही?" चहावाली म्हणाली. "मी दोरी बांधली होती ना त्या खांबांना?" तिनं स्टोव्हची वात कमी केली, उगीचच पुन्हा मोठी केली. "पोरीला दिवस गेलेत. तो चार महिने घरी बसून होता. काय करू मी? सांग, काय करू?"

मावशीनं कप टपरीच्या फळीवर ठेवला.

"एक कर माझ्यासाठी," चहावाली तिचा हात धरून म्हणाली. "तू पाणी मारतेस ना, पाहणी असली की. पाहणी नसेल तेव्हाही त्याच्या कोपऱ्यात मारत जा. थोडं जास्तच मारत जा."

फरशीवर मारलेल्या पाण्यानं काही होत नाही. पाणी लागतं ते फिरत्या चाकावर, दगडाच्या अंगावर, हे दोघींनाही माहीत होतं. सगळी भांडणं त्याचीच तर झाली होती.

"मारीन," मावशी म्हणाली. तिनं चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि नळाला पाइप लावायला गेली.